पाठीवरचे बिऱ्हाड आणि दोराचा जोडीदार

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस झाशीच्या स्थानकात थांबली, की तिच्या डब्यांतून एक ठरावीक दृश्य दिसते. डोक्यापेक्षा उंच सॅक, तिला बाहेरून अडकवलेला मग, गुंडाळलेली चटई, आणि पाण्याच्या बाटल्या भरण्यासाठी फलाटावर उतरलेल्या तरुणांचे खास मराठी संवाद. हिमालयात निघालेली ही मंडळी असतात. स्थानकापासून सिव्हिल लाइन्सचा परिसर फार दूर नाही. झाशी शहरात नेवाळकरांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत; शिवाय रेल्वे, सैन्यदल आणि बँका यांतील बदल्यांच्या निमित्ताने येणारी मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरांतील मुलामुलींच्या मनात हे दृश्य पाहून एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. पुण्याची मंडळी दीड हजार किलोमीटर ओलांडून हिमशिखरांकडे जातात. मग दिल्लीपासून अवघ्या चारशे किलोमीटरवर राहणाऱ्यांनी का जाऊ नये?

अंतराचा विचार केला तर झाशीकर भाग्यवान आहेत. अडचण निराळीच आहे. पुण्यामुंबईत गिर्यारोहण संस्थांचे दाट जाळे आहे. तेथे नवख्याला कोणती सॅक घ्यावी हे सांगणारा थोरला दादा भेटतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधून घेणारा सोबतीही भेटतो. झाशीसारख्या शहरात या दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याने शोधाव्या लागतात. त्यांपैकी सॅक पैसे देऊन मिळते, जोडीदार तसा मिळत नाही. मात्र चुकीची सॅक आणि चुकीचा जोडीदार या दोहोंची खरी किंमत कळते ती एकाच ठिकाणी, म्हणजे जेथून मागे फिरणे कठीण असते तेथे.

वेढा आणि धाव

हिमशिखर चढण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. पहिली वेढ्याची रीत. झाशीच्या रहिवाशाला वेढा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पर्वताच्या पायथ्याशी तळछावणी, तिच्या वर एकापुढे एक छावण्या, मधल्या टप्प्यांत कायमचे बांधलेले दोर, भारवाहकांच्या फेऱ्या आणि सर्व सिद्धता झाल्यावर काही निवडक सदस्यांची शिखरावर चढाई असे तिचे स्वरूप असते. १९६५ साली कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली ज्या भारतीय मोहिमेचे नऊ सदस्य एव्हरेस्टवर पोचले, ती याच पद्धतीची. १९९८ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे पहिले महाराष्ट्रीय सुरेंद्र चव्हाण यांची मोहीम आणि २०१९ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 'गिरिप्रेमी'च्या दहा गिर्यारोहकांनी केलेली कांचनजुंगाची यशस्वी चढाई, या मोहिमाही मोठ्या पथकांच्याच होत्या.

दुसरी रीत 'आल्पाइन' या नावाने ओळखली जाते. युरोपातील आल्प्स पर्वतात दोघे-तिघे जण आपापले सामान पाठीवर घेऊन निघतात आणि दोन-तीन दिवसांत शिखर गाठून परततात. त्यावरून हे नाव पडले. मधल्या छावण्या नाहीत, सामान वाहणारे मदतनीस नाहीत, आधी बांधून ठेवलेले दोर नाहीत. विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन एकदाच वर जायचे आणि एकदाच खाली यायचे. १९७५ साली राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर या दोघांनी काराकोरममधील गाशेरब्रुम-१ हे आठ हजार मीटरांहून उंच शिखर अशा रीतीने सर केले आणि ही पद्धत हिमालयाच्या प्रचंड उंचीवरही शक्य आहे हे सिद्ध झाले.

त्याच वर्षी आपल्या गढवालमध्ये या पद्धतीची दुसरी बाजू दिसली. जो टास्कर आणि डिक रेनशॉ हे दोन इंग्रज तरुण जुन्या मोटारीने इंग्लंडहून भारतात आले आणि ७,०६६ मीटर उंचीच्या दुनागिरीवर दोघेच चढले. शिखर गाठले, पण उतरताना शिधा संपला, इंधन संपले. इंधन नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही आणि चहूकडे बर्फ असताना प्यायला पाणी नाही. अनेक दिवसांच्या हालअपेष्टांनंतर ते खाली पोचले. रेनशॉ यांच्या बोटांना हिमदंश झाला. सॅकमध्ये काय भरायचे आणि काय मागे ठेवायचे, हा आल्पाइन चढाईतील हिशेब किती कठोर असतो ते यावरून लक्षात यावे.

तो हिशेब कागदावर मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. दोघांची चार दिवसांची चढाई गृहीत धरू. सामायिक सामानात साठ मीटरचा दोर ३.८ किलो, हलका तंबू २ किलो, स्टोव्ह व भांडे ०.७ किलो, दिवसाला एक याप्रमाणे गॅसची चार छोटी नळकांडी दीड किलो, बर्फातील खुंट्या, स्क्रू, कॅराबिनर इत्यादी साहित्य ३ किलो आणि औषधे व दुरुस्तीचे सामान ०.६ किलो. एकूण ११.६ किलो, म्हणजे प्रत्येकी ५.८ किलो. स्वतःचे म्हणून स्लीपिंग बॅग १.४ किलो, चटई ०.५, पिसांचे जाकीट व जादा कपडे १.८, क्रॅम्पॉन आणि हिमकुऱ्हाड १.६, हेल्मेट व हार्नेस ०.८, शिधा २.८, पाणी १ आणि दिवा वगैरे किरकोळ वस्तू ०.५ किलो, बेरीज १०.४. यात रिकाम्या सॅकचे १.४ किलो मिळवले की १७.६ किलो होतात. पासष्ट किलो वजनाच्या माणसासाठी हा भार त्याच्या वजनाच्या पाव भागाहून थोडा अधिक आहे, आणि विरळ हवेत हिमाच्या उतारावर तो वाहायचा आहे. या ताळेबंदात हौशी वस्तूंना जागा नाही.

सॅक : कापडाआधी शिवण

पाठीवर ओझे वाहण्याची कला नवी नाही. खुद्द झाशीशी जोडलेले एक मराठी उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांच्या सोबतीने उत्तर हिंदुस्थानात आले, १८५८ चा झाशीचा रणसंग्राम त्यांनी शहरात राहून पाहिला, वाटेत लुटारूंकडून नाडले गेले आणि अखेर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. कावडीत भार दोन टोकांना समतोल राहतो, पण सगळा खांद्यावर येतो. हा भार खांद्यावरून कमरेवर नेणे हाच आधुनिक सॅकचा सारा प्रवास होय. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी १९०९ साली पाठीच्या आकाराच्या चौकटीचे पेटंट घेतले. १९५० च्या दशकात अमेरिकेत अॅल्युमिनियमची चौकट आली आणि १९६७ च्या सुमारास ग्रेग लोव यांनी चौकट सॅकच्या आत दडवली. आजची प्रत्येक चांगली सॅक त्यांचीच वंशज आहे.

बाजारात सॅक पाहताना विक्रेता प्रथम कापडाचा 'डेनिअर' सांगतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. सहाशे डेनिअरचे साधे पॉलिएस्टर हे चारशेवीस डेनिअरच्या उत्तम नायलॉनपेक्षा खडकावर लवकर झिजू शकते, हे मात्र तो सांगत नाही. चांगल्या नायलॉनच्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकडी विणलेली असते. तिला रिपस्टॉप म्हणतात. कापड फाटले तरी चीर चौकडीपाशी अडते. सॅकचा तळ आणि हिमकुऱ्हाड घासते ती बाजू यांचे कापड अधिक जाड असावे. बाकी अंग हलके असले तरी चालते.

परंतु सॅक बहुधा कापडात फाटत नाही, शिवणीत उसवते. खांद्याचे पट्टे जेथे पाठीच्या पॅनेलला जोडले आहेत ती जागा दुकानातच उलगडून पाहावी. तेथे जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची जाड पट्टी दिसली पाहिजे. आत हात घालून शिवणीच्या कडा चाचपाव्यात. त्या फितीने बांधून घेतलेल्या असाव्यात. मोकळ्या कडांचे धागे निघू लागले की शिवण आतून सुटत जाते. एका हाताने सॅक व दुसऱ्या हाताने पट्टा धरून जोराने ओढावे. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती सॅक शाळेच्या दप्तराच्या योग्यतेची समजावी.

चेन हा दुसरा कच्चा दुवा. प्रवासी बॅगेला चेन जितक्या जास्त तितकी सोय. आल्पाइन सॅकला मात्र चेन कमी तितके बरे. बारीक दातांत बर्फ गोठला की चेन हलत नाही आणि भरलेल्या सॅकची चेन फाटली तर सारा संसार उघड्यावर येतो. म्हणून वरून दोरीने आवळायचे तोंड आणि त्यावर झाकण ही जुनी रचनाच आजही टिकून आहे. बकल हातमोजे घालून उघडता-लावता येते का, हे तेथल्या तेथे करून पाहावे. उत्तरेच्या उन्हाळ्यात लोकरी हातमोजे घेऊन दुकानात शिरणाऱ्याकडे विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील, तेवढे सोसावे.

आकाराबाबत नवख्यांची हमखास फसगत होते. मोठी सॅक घेतली की ती भरावीशी वाटते. वर मांडलेले सामान पंचेचाळीस ते पन्नास लिटरच्या सॅकमध्ये बसते. सत्तर लिटरची सॅक पदभ्रमंतीस ठीक, चढाईत ती डुलते आणि तोल बिघडवते. लिटरइतकेच पाठीच्या लांबीचे माप महत्त्वाचे आहे. मान खाली वाकवल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येते, तेथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. माणसाची उंची आणि पाठीची लांबी यांचा मेळ असतोच असे नाही, त्यामुळे मित्राला बसलेली सॅक आपल्याला बसेल असे गृहीत धरू नये. कमरेचा पट्टा हाडांवर टेकला पाहिजे, पोटावर नव्हे. मात्र हार्नेस चढवला की जाड गादीचा पट्टा त्याच्या आड येतो. म्हणून चढाईच्या सॅकचा पट्टा काढता येण्याजोगा असतो. हेल्मेट घालून मान वर केली असता सॅकचे झाकण हेल्मेटला धडकू नये. वरचा हात कोठे टाकायचा हे दिसले नाही तर उत्तम कापडाचा काय उपयोग?

किमतीचा विचार वापराच्या दिवसांनी भागून करावा. समजा, बारा हजार रुपयांची सॅक दोनशे दिवस चालली, तर रोजचे साठ रुपये पडतात. तीन हजारांची सॅक वीस दिवसांत उसवली, तर रोजचे दीडशे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण स्वस्त वस्तू महाग कशी पडते ते त्यांतून कळते. अर्थात महाग म्हणजे टिकाऊ असेही समीकरण नाही. आकर्षक रंग, असंख्य कप्पे आणि लटकणाऱ्या पट्ट्या यांचेही दाम त्या किमतीत असतात.

टिकाऊपणाचा अर्धा भाग मालकाच्या हाती असतो. झाशीचे प्रखर ऊन नायलॉनचे शत्रू आहे, त्यामुळे सॅक गच्चीवर वाळत घालून विसरू नये. कोकणातील दमट हवेत आतला जलरोधक लेप चिकट होऊन त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून तिकडे बंद कपाटाऐवजी वाऱ्यावर सावलीत ठेवणे चांगले. धुताना यंत्रात घालू नये. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. कोणतीही शिवलेली सॅक पूर्णपणे जलरोधक नसते, हे मान्य करून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालावी. निघालेला पट्टा शिवायला शिंप्यापेक्षा मोची बरा. त्याची आरी आणि मेण लावलेला जाड दोरा हे या कामाचेच साहित्य आहे.

जोडीदाराची पारख

सॅक आणि जोडीदार या दोन गोष्टी एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या असतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेरू देशातील आहे. १९८५ साली जो सिम्पसन आणि सायमन येट्स या दोघांनी अँडीज पर्वतातील ६,३४४ मीटर उंचीच्या सिउला ग्रांदे शिखराची पश्चिम भिंत आल्पाइन पद्धतीने चढली. उतरताना सिम्पसन पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्या उंचीवर मोडलेला पाय म्हणजे बहुधा मृत्यूच. येट्स यांनी मात्र दोन दोर एकमेकांना बांधून जोडीदाराला उतारावरून टप्प्याटप्प्याने खाली सोडण्यास सुरुवात केली. गॅस संपला होता. त्यामुळे बर्फात गुहा खोदून, पाणी करून रात्र काढणे शक्य नव्हते. वादळात, अंधारात उतरत राहणे भाग होते. त्या घाईत सिम्पसन एका कड्यावरून अधांतरी लोंबकळले. वर बर्फात बसलेले येट्स हळूहळू खेचले जाऊ लागले. बराच काळ तसाच गेल्यावर त्यांनी सॅकमधून चाकू काढला आणि दोर कापला.

सिम्पसन हिमभेगेत पडले, पण वाचले आणि मोडक्या पायाने सरपटत तीन दिवसांहून अधिक काळाने तळावर पोचले. पुढे गिर्यारोहकांच्या जगात येट्स यांच्यावर टीका झाली, तेव्हा त्यांची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती सिम्पसन यांनीच. आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी हा सारा प्रसंग लिहिला आहे. दोर कापण्याच्या निर्णयावरच बहुतेकांची चर्चा थांबते. वास्तविक त्या रात्रीची मुळे तळछावणीवर सॅक भरताना गॅसची नळकांडी मोजली गेली तेथवर जातात, आणि तो निर्णय दोघांचा होता.

बँकेच्या संयुक्त खात्यात 'दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो' असा एक पर्याय असतो. दोराच्या भागीदारीत हा पर्याय कोणालाही नको असतो. म्हणून येथे जामीनदाराची निवड करावी तशी पारख हवी. जामीनदार घेताना त्याची केवळ ऐपत पाहत नाहीत. अडचणीच्या वेळी तो फोन उचलेल का, हेही पाहिले जाते. चढाईच्या जोडीदाराची ऐपत म्हणजे त्याचे कौशल्य. ते आपल्या कौशल्याच्या जवळपास असावे. एक फार तरबेज आणि दुसरा नवखा असेल तर ती जोडी राहत नाही, वाटाड्या आणि पाहुणा असे नाते होते. तसे नाते वाईट नाही, परंतु ते आधी उघडपणे ठरलेले असावे आणि त्याप्रमाणे सोपे शिखर निवडावे.

दुसरी गोष्ट कौशल्याहून महत्त्वाची आहे: परत फिरण्याची तयारी. शिखर शंभर मीटरवर दिसत असताना, ठरलेली वेळ उलटली म्हणून पाठ फिरवणारा सोबती सर्वांत मौल्यवान. ही वेळ घरून निघण्यापूर्वी ठरवावी, कारण उंचीवर प्राणवायूच्या कमतरतेने बुद्धी मंदावते आणि उत्साह मात्र शाबूत असतो. दोघांपैकी एकाने 'मागे फिरू' म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, असा साधा करार पुष्कळ जोड्या करतात. आपले दुखणे लपवणाऱ्या माणसाबरोबर चढू नये. डोकेदुखी, उलटी, थंडीने बधिर झालेली बोटे यांची वार्ता तत्काळ सांगणारा कुरकुऱ्या माणूस परवडतो. सोसत राहणारा वीर परवडत नाही.

याशिवाय बारीकसारीक गोष्टी असतातच. लहान तंबूत चार रात्री काढताना घोरणे, पसारा आणि फाजील बडबड यांचे रूपांतर शत्रुत्वात होऊ शकते. पैशाच्या बाबतीत संकोच नसावा. खेचरे, स्वयंपाकी, परवाने, गाडीभाडे यांसाठी सामायिक निधी, त्याची वही आणि कोणी अर्ध्यातून परतल्यास त्याचा वाटा कसा धरायचा याची नोंद आधीच करावी. अनेक मोहिमांतील मैत्री पर्वतावर टिकते आणि हिशेबाच्या वेळी तुटते.

पारख कशी करावी याचा वस्तुपाठ म्हणून पुन्हा जो टास्कर यांचेच नाव घ्यावे लागते. दुनागिरीनंतरच्या वर्षी, १९७६ साली, ते पीटर बोर्डमन यांच्यासह चांगाबांगच्या पश्चिम भिंतीवर गेले. भिंतीवर तंबू ठोकण्यास जागा नव्हती, त्यामुळे झोळ्यांत लटकून झोपावे लागणार होते. हिमालयात येण्यापूर्वी या दोघांनी मँचेस्टरजवळच्या एका शीतगृहात, गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या शेजारी झोळ्या टांगून रात्री काढल्या. साहित्याची परीक्षा झाली आणि एकमेकांचीही. चांगाबांगची ती चढाई यशस्वी झाली. हीच जोडी १९८२ साली एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर दिसेनाशी झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. उत्तम जोडीदार धोका कमी करतो. तो धोका नाहीसा करत नाही.

झाशीहून सुरुवात

ज्यांना ओळखीपाळखीतून जोडीदार मिळण्याचा संभव नाही, त्यांच्यासाठी प्रशिक्षण संस्था हाच राजमार्ग आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. मनाली आणि पहलगाम येथेही अशा संस्था आहेत. झाशीहून दिल्ली आणि ऋषिकेशमार्गे उत्तरकाशी सर्वांत सोयीची. सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात खडक, बर्फ आणि हिमनदीवरील तंत्र शिकवले जाते. त्यात 'अ' श्रेणी मिळवणाऱ्यालाच पुढच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. या संस्था सॅकसह बहुतेक साहित्य वापरण्यास देतात. म्हणूनच स्वतःची सॅक अभ्यासक्रमाच्या आधी न घेता नंतर घ्यावी. महिनाभर दुसऱ्याची सॅक वाहिल्यावर आपल्याला काय खुपते आणि काय हवे ते खांद्यांना कळलेले असते. जोडीदारही तेथेच सापडतो. एकाच दोरावर चार आठवडे घालवलेल्या सहाध्यायांचा स्वभाव कोणत्याही ओळखपत्रापेक्षा स्पष्ट झालेला असतो.

प्रशिक्षण म्हणजे अभयपत्र मात्र नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात 'द्रौपदी का डांडा' शिखराजवळ झालेल्या हिमस्खलनात नेहरू संस्थेच्या पथकातील २९ जणांचा बळी गेला. त्यांत प्रशिक्षणार्थींबरोबर अनुभवी प्रशिक्षकही होते.

महाराष्ट्राशी नाते टिकवून असलेल्या झाशीकरांना आणखी एक वाट आहे. मुंबईची गिरिविहार, पुण्याची गिरिप्रेमी अशा संस्थांच्या उपक्रमांत सहभागी होता येते. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२ सालापासून सुरू झालेल्या गिरिमित्र संमेलनाने डोंगरवेड्या मंडळींना एकत्र आणण्याचे मोठे काम केले आहे. आजोळी जाण्याच्या निमित्ताने सह्याद्रीतील एखाद्या चढाईत सामील झाल्यास ओळखी वाढतात. दिल्लीतील इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनमध्ये कृत्रिम भिंतीवर सराव करणारे गिर्यारोहक भेटतात. शिखरमोहिमांच्या परवानगीचा विषयही याच संस्थेकडे जातो. राज्य शासन आणि वनखाते यांचे नियम निराळे असतात व ते वेळोवेळी बदलतात, त्यामुळे ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचेच नियम पाहावेत.

जोडीदार मिळाल्यावर थेट हिमशिखर ठरवू नये. हिवाळ्यात पहाटे इलाइट चौकातून निघून पंधरा किलो वजनाच्या सॅक घेऊन दोघांनी ओरछापर्यंत चालत जावे. बेतवेच्या काठच्या खडकांवर दोर हाताळावा, रात्री उरलेल्या शिध्यात भागवावे आणि दुसऱ्या दिवशी परत चालत यावे. कैमासन माता मंदिराच्या टेकडीच्या पायऱ्या भरल्या सॅकसह पुनःपुन्हा चढाव्यात. सॅकचा पट्टा कोठे काचतो, बकल कोठे सरकते आणि थकलेला सोबती कसा बोलतो, हे दोन-तीन महिन्यांत उमगते. हिमनदीवर जाण्यापूर्वी हिमभेगेत पडलेल्याला पुलीच्या साहाय्याने वर काढण्याचा सराव जमिनीवर इतका व्हावा, की तो अंधारातही जमला पाहिजे. दोघांच्या पथकात एक पडला तर त्याला वर काढणारा एकटाच उरतो, म्हणून पहिल्या मोहिमांत हिमनदीवर तिघे असणे अधिक सुरक्षित.

काही व्यावहारिक बाबी. गॅसची नळकांडी रेल्वेने नेण्यास मनाई आहे, ती पायथ्याच्या गावीच घ्यावी. वैयक्तिक अपघात विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत गिर्यारोहणासारखे धाडसी प्रकार बहुधा वगळलेले असतात. अपवादांचे कलम वाचून आवश्यक तर वेगळे संरक्षण घ्यावे, त्यात शोध व सुटकेचा खर्च येतो का तेही विचारावे. खात्यावरील नामनिर्देशन अद्ययावत आहे ना, हे पाहण्यात अशुभ काही नाही.

निघण्यापूर्वी एक कागद लिहावा. त्यावर मार्ग, तळछावणीची जागा, पथकातील सर्वांची नावे व रक्तगट, स्थानिक वाटाड्याचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा दूरध्वनी, आणि परतीच्या तारखेपुढे दोन दिवस धरून काढलेली एक अखेरची तारीख असावी. त्या तारखेपर्यंत संपर्क झाला नाही तर घरच्यांनी कोणाला कळवायचे, हे नावानिशी लिहावे. कागदाची एक प्रत आपल्या घरी, दुसरी जोडीदाराच्या घरी आणि तिसरी सॅकच्या झाकणातील कप्प्यात, शिट्टी आणि चाकूशेजारी ठेवावी.